आचारसंहितेतली झोप

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय आहे ते कळायला फारसे कष्ट पडत नाहीत. कुणी नवा एसी बसवला, कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाकडे आज मासे तळले, सगळं लिफ्टची वाट बघताना कळतं. पण आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये पिस्तूल आहे, हे मात्र आम्हाला पोलिसांनी सांगितलं. तेही गेटवर, भर सकाळी, मोटरसायकलवर बसल्या बसल्या.

लोकसभेची आचारसंहिता नुकतीच लागली होती. मी भाजी घेऊन आत शिरत होते. हवालदार वॉचमनला विचारत होता, “बी विंगमध्ये ते पिस्तूलवाले कोण राहतात?”

वॉचमन घाबरला. “पिस्तूलवाला? साब, इधर तो सब फॅमिलीवाले रहते हैं.”

“अरे बाबा, लायसनवाले! शस्त्र जमा करायचंय त्यांना. फोन उचलत नाहीयेत.” आणि मग त्याने आडनाव घेतलं, असं खणखणीत की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगांना खबर लागली. तळमजल्यावरचे आजोबा पार्किंगवरून त्या पिस्तूलवाल्याशी कायम भांडायचे, त्यांनी दुसऱ्या दिवशी आपण होऊन स्कूटर हलवली.

नियम असा की निवडणूक लागली की परवान्याचं शस्त्र पोलीस ठाण्यात नेऊन ठेवायचं, पावती घ्यायची, आणि निकाल लागून सगळं शांत झालं की परत आणायचं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, आमच्या सात पिढ्यांत धारदार शस्त्र म्हणजे विळी. पण गेटवर ओरडून सांगितलेली हीच गोष्ट पुढे मी लेखी अर्ज करून विचारली, तेव्हा ती किती गोपनीय असते ते मला कळलं. ते पुढे सांगते.

आम्ही दोघंच इथे. गिरगावातली खोली विकून मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला आलो त्याला आता जमाना झाला. मुलगा पुण्याला असतो. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी लावून बसलेत. समोरचं जोडपं आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. तो पेट्रोल पंपाच्या भागीदारीत होता, पंपाची रोकड बँकेत न्यायची म्हणून त्याला परवाना मिळालेला. दिसायला अगदी सरळ. लिफ्टचं दार धरून “या काकू” म्हणणारा, गणपतीच्या वर्गणीला कधी मागे न हटणारा. अशा माणसाबद्दल चार लोकांत काही बोलायला जावं तर लोक आपल्यालाच वेड्यात काढतात.

ती डोंगरीची. उत्तनच्या बाजूला आहे ते डोंगरी. माहेर मासेमारीतलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी रागात किंवा आनंदात तिच्या तोंडून ‘न्हाय’च यायचं. आमच्या मजल्यावर बाकीचे सगळे शाकाहारी, मासे तळले की कमिटीकडे तक्रार जायची. म्हणून ती बोंबील घेऊन माझ्याकडे यायची. माझी खिडकी मागच्या नाल्यावर उघडते, तिथला वास आधीच इतका की बोंबलाचा कुणाला पत्ता लागत नाही. ओट्याशी उभ्या राहून आमच्या गप्पा चालायच्या. मला ती काकी म्हणायची.

हवालदार येऊन गेल्यावर तीन-चार दिवसांनी, दुपारी, तवा गरम होत होता आणि ती बोंबील पिठात घोळवत होती. पलीकडून, भिंतीतून, किल्ल्यांचा आवाज आला. खुळखुळ. मग लोखंडी कपाटाचं दार कुरकुरलं. दारं समोरासमोर असली तरी आतल्या खोलीची आमची भिंत एकच. त्यांचं कपाट तिकडून भिंतीला लागून, आणि इकडून आमचा पलंग. मला तो आवाज रोजचा होता, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तिच्या हातातला बोंबील मात्र तसाच राहिला, पीठ ओट्यावर सांडत होतं.

“तो मारत न्हाय, काकी,” ती म्हणाली. “मारलं असतं तर दाखवायला काही तरी असतं.”

मग तिने सांगितलं. पिस्तूल कपाटात, तिच्या ठेवणीतल्या साड्यांच्या खाली. रविवारी जेवण झालं की तो जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून ते साफ करायला बसायचा आणि गोळ्यांची डबी तिच्या हातात द्यायचा, “धर जरा.” ती धरून उभी. नंतर टेबल पुसायची, पुन्हा पुसायची. एरवी काही बिनसलं, म्हणजे आईशी फोनवर जास्त बोलली, शिमग्याला माहेरी जाऊ का विचारलं, तर तो एक शब्द बोलायचा नाही. उठायचा, खिशातला किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा आणि कपाट उघडून उभा राहायचा. काही काढायचा नाही. थोड्या वेळाने कपाट बंद करून टीव्ही लावायचा.

“एकदाच बोलला,” ती म्हणाली. “डोंगरीला निघून गेलीस तर न्यायला येईन. पण एकटा येणार न्हाय.”

मला वाटलं मित्रांना घेऊन जाईल. मी तसं म्हणालेसुद्धा, “मग येऊ देत की चार माणसं, बसून बोला.” ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला आणि मी गॅस बंद केला.

त्या रात्रीपासून मला आवाज ऐकू यायला लागला. म्हणजे तो आधीपासून होताच, पण आता मी त्याची वाट बघत पडून राहायचे. आधी खुळखुळ. मग कपाट. मग मी मोजल्यासारखा श्वास धरून ठेवायचे, पलीकडे टीव्ही लागेपर्यंत. टीव्हीवर कुणी तरी हसलं की मी सुटायचे. आमचे हे म्हणायचे, “तू झोप ना बाई.” कशी झोपू? माझं डोकं आणि ते कपाट यांच्यात एक विटेची भिंत.

तर आठ-दहा दिवसांनी हवालदार पुन्हा आला, आणि तेव्हा कुठे समोरच्याने पिस्तूल जमा केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ही माझ्या दारात. केसांना चापून तेल लावलेलं, हातात सुकटीचा डबा. “आज जमा आहे,” म्हणाली, जसं काही सत्यनारायणाचं आमंत्रण देते आहे. आत आली, दिवाणावर जरा टेकली आणि बोलता बोलता झोपली. झोपली म्हणजे काय, घोरायला लागली. मी भांडी घासली, कपडे घड्या केले, चहा टाकला, बाई उठायचं नाव नाही.

“अगं, माणूस आहेस की पंपावरचा जनरेटर?” मी म्हटलं.

ती डोळे चोळत हसली. “काकी, बायका बाळंतपणाला माहेरी जातात. माझं माहेरपण आचारसंहितेत.”

ते दिवस तिचे खरंच माहेरपणाचे गेले. चेहरा भरला. एकदा तर लिफ्टमध्ये गुणगुणत होती. निकाल लागले, तो पिस्तुलाचं काळं पाकीट हातात घेऊन वर आला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा पुन्हा उतरला. वाचायचा तिला कंटाळा, पण तेव्हापासून ती बातम्या बघायला लागली. बाकीच्या बायका मालिकांवर बोलायच्या, ही आमच्या ह्यांना गाठून विचारायची, “काका, पालिकेची निवडणूक कधी लागेल हो?” पालिकेची निवडणूक पुढे पुढे जात राहिली. नगरसेवक नाही म्हणून गटार तुंबलंय, रस्ता खणलाय, असं सगळे करवादायचे. झोप लागत नाही म्हणून निवडणुकीची वाट बघणारी सबंध मीरा-भाईंदरमध्ये ही एकटीच असेल.

त्याच वर्षी विधानसभा लागली. त्याने पाकीट घेतलं, खाली गेला, बऱ्याच वेळाने हात हलवत परत आला. ही पुन्हा माझ्या दिवाणावर. पण या वेळी उठल्यावर ती लगेच घरी गेली नाही.

“काकी, या वेळी मी निघते,” म्हणाली. “ते ठाण्यात आहे तोवर. भावाकडे जाते, तिथल्या चौकीत लिहून देते. हातात ते नसेल तर तो तोंडाने काय करायचं ते करू दे. तोंडाला मी भीत न्हाय.”

मी म्हटलं, “शाब्बास.”

“पण काकी, खरंच जमा केलंय ना? मागच्या वेळी पावती टेबलावर टाकली होती. या वेळी दाखवली न्हाय.”

बस. सगळा प्रश्न एवढाच होता. पिस्तूल ठाण्यात आहे की साड्यांखाली? कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, तिला उघडून बघता येत नव्हतं. आणि विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की का विचारलं ते त्याला कळणार.

मी तडक ठाण्यात गेले. माझा स्वभावच तसा, आमचे हे म्हणतात तुला पायात चप्पल घालायचाही धीर नसतो. तिथे टेबलामागे एक सभ्य माणूस होता, ओरडणारा नव्हता, खुर्ची दिली.

“तुम्ही कोण त्यांच्या?”

“समोर राहते.”

“मग तुमचा संबंध काय?”

“भिंत एक आहे आमची.”

तो हसला. “मावशी, परवानाधारकाची माहिती खासगी असते. अशी देता येत नाही.”

“आणि त्याच्या बायकोने विचारलं तर?”

“परवाना त्यांच्या नावावर आहे. बायकोसुद्धा तिऱ्हाईतच. पण त्यांची काही तक्रार असेल तर पाठवा त्यांना, लेखी घेऊ, कारवाई करू.”

माझं डोकंच फिरलं. जिच्या उशापासून हातभर अंतरावर ते असतं, जिच्या शालूवर त्याच्या तेलाचे डाग पडलेत, ती तिऱ्हाईत! आणि गेटवर उभं राहून अख्ख्या सोसायटीला सांगितलं तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं खासगी? बोलले मी हे सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते तोंडी, मावशी. कागदावर नाही देता येत.” तक्रार तिने करायची तर करून संध्याकाळी त्याच घरात स्वयंपाकाला जायचं होतं. तेवढं त्याच्या लक्षात येत नव्हतं, की येत होतं, कुणास ठाऊक.

मग आमच्या ह्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचं ठरवलं. तिच्या नावाने करता येईना, उत्तर टपालाने घरी आलं तर तोच फोडणार. म्हणून माझ्या नावाने. बँकेतला माणूस, अर्ज म्हणजे त्यांचा सणच. माझं संपूर्ण नाव, ब्लॉक नंबर, मोबाइल, शिवाय ‘संबंधित परवानाधारक अर्जदाराच्या समोरच्याच सदनिकेत राहतात’ हेही. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणे, “अर्ज अर्धवट असला की परत येतो.” विचारलं होतं फक्त एक: सदर शस्त्र या निवडणुकीत जमा आहे काय, होय किंवा नाही. कोर्ट फीचा स्टॅम्प त्यांनी असा सरळ चिकटवला होता की फ्रेम करून लावावा.

उत्तराला कायद्याने महिन्याची मुदत. तिच्याकडे महिना नव्हता. मतदानाचा दिवस जवळ आला तशी ती म्हणाली, “मी थांबत न्हाय. ते ठाण्यातच असेल. असणारच. सगळेच करतात ना जमा?”

“करतात की,” मी म्हटलं. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं?

तिचे कपडे थोडे थोडे करून माझ्याकडे येऊन पडले होते, रिकाम्या डब्यांच्या पिशवीतून. मतदानाच्या दिवशी सकाळी तो पंपावरच्या लोकांना घेऊन मत द्यायला लवकर निघून गेला. ती नंतर निघाली. मत द्यायला चाललेय हे एकच कारण असं होतं की ज्यावर तो जुडगा वाजवू शकत नव्हता. आणि वेडी खरंच आधी मत द्यायला गेली. मी पिशवी घेऊन शाळेबाहेर उभी, ती बोटावरची शाई वाळवत बाहेर आली. रिक्षाने भाईंदर पश्चिमेला, तिथून डोंगरीची बस. बसच्या पायरीवर तिने मागे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, रस्त्याकडे. दुपारी फोन आला. “पोचले.” मी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी बेल वाजली. तो.

“काकू, ती तुमच्याकडे आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

“बरं.” तो तसाच उभा राहिला. खिशात हात घातला आणि जुडगा एकदाच वाजवला, हलकेच, जसं आपण नकळत सुट्टे पैसे चाळवतो. मग आपल्या दारात गेला.

निकाल लागले, आचारसंहिता उठली. तो पाकीट घेऊन लिफ्टमधून वर आला, सगळ्यांना दिसेल असं. तिकडे डोंगरीला तिचे भाऊ आळीपाळीने ओट्यावर बसायला लागले. तो गेला नाही. कधीच गेला नाही. फक्त फोन यायचे. ती उचलायची, पलीकडे कुणी बोलायचं नाही. नुसती खुळखुळ. तिने नंबर बदलला. नंतर एकदा ती मला म्हणाली, “काकी, कपाट उघडल्याचा आवाज येतो. इथे कपाटच न्हाय हो, पेटी हाय आईची.” मलाही इथे तो आवाज समोरचा गावाला गेलेला असतानासुद्धा यायचा.

आणि मग एका सकाळी तो हातात कागद घेऊन आमच्या दारात उभा. हसत होता.

“काकू, मला विचारायचं ना. सरकारला कशाला त्रास?”

तो कागद ठाण्याने त्याला पाठवला होता. अमुक अमुक बाईंनी, राहणार आपल्या समोर, आपल्या शस्त्राबाबत माहिती मागितली आहे, ती देण्यास आपली हरकत आहे काय? नियमच तसा आहे म्हणे. ज्याची माहिती मागितली त्याला आधी विचारायचं. आम्हाला हे माहीत नव्हतं. माझं नाव, ब्लॉक नंबर, मोबाइल, आमच्या ह्यांनी लिहिलं तसं सगळं त्यात उतरवलेलं, एक काना चुकला नव्हता. ह्यांनी तो कागद वाचला आणि खुर्चीत बसले. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी बघितलं नव्हतं. नशीब एवढंच की ती तोवर निघून गेली होती.

जाताना तो दारात थांबला. “जमा होतं की घरी होतं? काय वाटतं तुम्हाला, काकू?”

मी दार लावलं. दाराला आतून कडी होती, साखळी होती, मी दोन्ही लावल्या आणि तरी पाठ टेकून उभी राहिले.

यथावकाश ठाण्याचं उत्तर आलं. माहिती व्यक्तिगत आहे, व्यापक जनहित दिसून येत नाही, आणि संबंधिताने हरकत घेतली आहे. हरकत काय? तर शस्त्र घरी असतं की नसतं हे उघड झालं तर त्याच्या जिवाला धोका. त्याच्या जिवाला! मी तो कागद टराटरा फाडणार होते. ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

“रागावू नकोस,” म्हणाले. “उद्या त्याने अर्ज केला, की बायकोने चौकीत काय लिहून दिलंय, नवा नंबर काय दिलाय, तर? त्यालाही हेच उत्तर मिळायला हवं ना?”

बरोबर होतं त्यांचं. बरोबर होतं म्हणून आणखीच संताप आला. अपील केलं, तेही फेटाळलं. त्यानंतर आम्ही पलंग दुसऱ्या भिंतीला लावला. मी लिफ्ट सोडून जिना धरला, गुडघे बोंबलत असले तरी. तो मात्र दिसला की लिफ्टचं दार धरून उभा राहायचा. “या काकू.” बिल्डिंगमधले म्हणायचे, बघा, बायको टाकून गेली तरी माणूस किती साधा.

शेवटी एकदाची पालिकेची निवडणूक लागली. झेंडे लागले, भोंगे सुरू झाले, आणि एका सकाळी गेटवर मोटरसायकल. हवालदार तोच, वॉचमन मात्र नवा होता.

“बी विंगमधले पिस्तूलवाले आहेत का घरी?”

मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबले. “असतील. पण त्यांना सांगायला कशाला हवं? दर वेळी जमा करतात की ते,” मी म्हटलं. जिभेवर कडवटपणा होता माझ्या, दुसरं काही नव्हतं.

“कुठे दर वेळी?” हवालदार म्हणाला. “विधानसभेला सूट होती त्यांना. रोकडीचं काम आहे म्हणून अर्ज केला होता, शस्त्रांच्या छाननी कमिटीने मंजूर केला. या वेळी नाही मिळाली, म्हणून तर आलोय.” बसची वेळ सांगावी तसं सांगितलं त्याने. मग वॉचमनला म्हणाला, “चल, मजला दाखव.”

मी तिथल्या कट्ट्यावर बसले. वॉचमनच्या खुर्चीपाशी, मोटरसायकलवरून, न विचारता मला उत्तर मिळालं होतं. होय किंवा नाही. नाही.

म्हणजे तो पाकीट घेऊन खाली गेला तो गाडीपर्यंतच गेला असणार. परत आणलं असणार, ती माझ्याकडे झोपली होती तेव्हा. म्हणजे त्या सगळ्या रात्री, जेव्हा ती सकाळी येऊन सांगायची की काल मला स्वप्नसुद्धा पडलं नाही, तेव्हा ते तिथेच होतं, साड्यांखाली. आणि मतदानाच्या दिवशी तो सकाळी बाहेर पडला तेव्हा ते कपाटात होतं की त्याच्या कमरेला? ती शाळेच्या रांगेत उभी होती, मी पिशवी घेऊन बाहेर. तो कुठल्या कोपऱ्यावर होता?

दुसऱ्या दिवशी मी डोंगरीची बस धरली. सांगायचंच असं ठरवून निघाले होते. तिला माहीत असायला हवं, तिचा हक्क आहे, ठाण्यात जे मी ओरडून सांगितलं होतं ते आता मीच करायला नको का? बसभर मी वाक्यं जुळवत होते.

तिची आई अंगणात बांबूवर बोंबील टाकत होती. मला बघून तोंडावर बोट ठेवलं. “हळू हां. निजलीय.”

“या वेळी? बरं नाही का?”

“बरी हाय. इलेक्शन हाय ना,” म्हातारी म्हणाली, जसं काही सगळ्यांच्याच लेकी निवडणुकीत झोपतात.

ती आत चटईवर होती. केसांना तेल, गालाखाली हात, तोंड किंचित उघडं. मी भिंतीला टेकून बसले. बाहेर प्रचाराची रिक्षा ओरडत गेली तरी तिची पापणी हलली नाही. जरा वेळाने तिने डोळे उघडले, मला बघितलं, आणि कशा आहात वगैरे काही नाही, पहिला प्रश्न तोच.

“जमा केलं?”

“हवालदार आला होता. मी बघितलं.”

“बरं झालं.” ती उठून बसली नाही, पडूनच बोलत राहिली. “काकी, खरं सांगू? मागच्या वेळी ते ठाण्यात होतं म्हणून माझे पाय उचलले. मतदानाच्या रांगेत मी मनात तेच म्हणत होते, ठाण्यात आहे, ठाण्यात आहे. न्हायतर मी तिथूनच घरी परत गेले असते. अजून तिथेच असते.” मग माझा हात धरला. “होतं ना ठाण्यात?”

तिचा हात कोमट होता, झोपेतून उठलेल्या लेकरासारखा. मला रडू आलं, ते मी पदराने घाम टिपल्यासारखं करून टिपलं.

“होतं गं,” मी म्हटलं. “ठाण्यातच होतं.”

ती हसली, कूस बदलली आणि लगेच झोपली. आईने बाहेरून विचारलं, “उठली काय?” मी म्हटलं, नाही, झोपू दे. हवालदार वर गेला, एवढंच मी बघितलं होतं. समोरच्याने या वेळी तरी जमा केलं की नाही, हे मला कुणी सांगणार नव्हतं.